विविधता आणि समावेश: कोकणातल्या आरोग्य पाहणीत दोन वेगळी कामं

आरोग्य संशोधनाच्या प्रस्तावात विविधता आणि समावेश एकाच दमात लिहिले जातात आणि दोन्हींसाठी एकच उपाय नेमला जातो. विविधता म्हणजे पाहणीत कोण कोण आलं. समावेश म्हणजे आलेल्या माणसाला शेवटपर्यंत नीट भाग घेता आला का आणि त्याच्याकडून मिळालेली माहिती खरी आहे का. पहिली बिघडते ती घरं निवडताना. दुसरा बिघडतो प्रश्नावलीत, वेळापत्रकात आणि खर्चाच्या अंदाजात.

रत्नागिरी जिल्ह्यात रक्तदाब आणि मधुमेहाची पाहणी करायची आहे, असं धरू. मतदारयादीवरून माणसं निवडली, तर नाव गावात आणि मुक्काम मुंबईत अशी चाकरमान्यांची नावं येतात. उलट आंब्याच्या बागेत राखणीला असलेले नेपाळी गुरखे आणि बोटींवरचे बाहेरगावचे खलाशी गावात असूनही यादीत नसतात. 2011 च्या जनगणनेत जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे 1122 स्त्रिया होत्या. सकाळी अकराला दारोदार फिरलं, तर त्याहूनही जास्त बायका आणि म्हातारी माणसं भेटतात. म्हणून वाडीवार घरयादी स्वतः करावी, बागेतल्या खोपटी आणि बंदरातल्या बोटी तीत धराव्यात. बंद घराच्या बदल्यात शेजारचं घर घेऊ नये. वेगवेगळ्या वेळी तीनदा जावं, त्यांतली एक फेरी तिन्हीसांजेनंतरची.

मग संख्या. आजाराचं प्रमाण 25 टक्क्यांच्या आसपास असेल आणि 5 अंकांचा फरक (म्हणजे 20 ते 30 टक्के) चालणार असेल, तर साध्या यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडीत 288 माणसं पुरतात. वाड्याच्या वाड्या निवडल्या तर जास्त लागतात. आपण 300 धरू. कातकरी आदिवासी लोकसंख्येत 5 टक्के असतील, तर 300 मध्ये ते 15 च येतील, आणि 15 जणांवरून काढलेल्या 25 टक्क्यांचा खरा आकडा 3 ते 47 यांत कुठेही असू शकतो. असा आकडा अहवालात स्वतंत्र ओळीत छापणं म्हणजे त्या समाजाविषयी काहीही ठोकून देणं. त्यांच्यातले 100 जण घेतले, तर फरक साडेआठ अंकांवर येतो. मात्र मग इतर 285 आणि हे 100 अशी बेरीज करून जिल्ह्याचा आकडा काढताना भार द्यावा लागतो, म्हणजे प्रत्येक माणूस हिशेबात किती धरायचा ते ठरवावं लागतं: कातकऱ्यांना सुमारे 0.19, इतरांना 1.28. भार द्यायचा राहिला, की जिल्ह्याचा आकडा कातकऱ्यांच्या बाजूला झुकतो.

इथवर विविधता झाली. एवढ्यावर थांबणारी पाहणी दिसायला चांगली आणि आतून पोकळ असते.

‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला मशेरी (भाजलेल्या तंबाखूची पूड) लावणारी बाई ‘नाही’ म्हणते, आणि ती खोटं बोलत नसते. तिच्या लेखी ते दात घासणं आहे. ‘मशेरी लावता का, दिवसातून किती वेळा, किती वेळ तोंडात ठेवता’ हे वेगळं विचारलं नाही, तर बायका मोठ्या संख्येने पाहणीत येऊनही त्यांचा तंबाखू अहवालात येत नाही. तपासणीचंही असंच आहे. उपाशीपोटीच्या साखरेसाठी किमान आठ तास काही खाल्लेलं चालत नाही. पहाटे समुद्रावर गेलेला माणूस दहाला बंदरात उतरतो, तेव्हा त्याचं खाणं झालेलं असतं. त्याच्यासाठी तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए1सी चाचणी सोयीची, कारण तिला उपास लागत नाही. पण सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार किंवा लोहाच्या कमतरतेचा ॲनिमिया असेल, तर तीच चाचणी फसवते. तिथे हिमोग्लोबिन आणि सिकलसेल तपासून घ्यावं आणि साखरेसाठी वाडीवरच भल्या सकाळी रक्त घ्यावं.

संमतीपत्रात सगळ्यात जास्त घसरण होते. वाचता न येणाऱ्या माणसाचा अंगठा घेताना तटस्थ, साक्षर साक्षीदार लागतो, असं आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची) 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. वीटभट्टीचा मुकादम तटस्थ नाही; त्याची उचल त्या माणसाने घेतलेली असते, त्याच्यासमोर ‘नको’ म्हणवत नाही. सरपंचाने किंवा जमातीच्या प्रमुखाने दिलेली परवानगी ही व्यक्तीच्या संमतीची जागा घेत नाही. बुडालेली मजुरी आणि एसटीचं भाडं द्यावं, पण रक्कम आधी नैतिकता समितीकडून मंजूर करून घ्यावी. ती इतकी मोठी नको की पैशांपायी धोका डोळ्याआड व्हावा.

वेळापत्रक माणसांच्या कामावर बसवावं. यांत्रिक मासेमारी 1 जून ते 31 जुलै बंद असते, तेव्हा स्थानिक मच्छीमार घरी भेटतात. बाहेरगावचे खलाशी मात्र तोवर गावी निघतात, म्हणून त्यांची फेरी मे महिन्यातच उरकावी. दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, म्हणून त्यांची फेरी त्याआधी व्हावी.

दोन्ही कामं झाली का, हे एकाच तक्त्यात पाहता येतं. प्रत्येक गटासाठी रकाने करावेत: यादीत, भेटले, संमती, रक्त दिलं, अहवाल हातात पडला, दुसऱ्या भेटीला आले. पहिल्या दोन रकान्यांत गळती असेल, तर निवड आणि फेऱ्या सुधाराव्यात. पुढे असेल, तर आणखी माणसं भरून उपयोग नाही. त्या टप्प्यावर काय अडलं ते जाऊन विचारावं. कातकरीवाडीवरचे अहवाल दिवाळीआधी पोचवावेत, आणि ज्याची साखर वाढलेली निघाली त्याच्या हाती प्राथमिक आरोग्य केंद्राची चिठ्ठी तेव्हाच द्यावी.