मूत्राशयाच्या दुर्बीण तपासणीतील भूल

मूत्रमार्गातून दुर्बीण सरकवून मूत्राशय आतून पाहण्याच्या तपासणीला सिस्टोस्कोपी म्हणतात. ही तपासणी सुसह्य व्हावी म्हणून जागा बधिर करणे, गुंगी देणे, कमरेखालची भूल आणि संपूर्ण भूल हे मार्ग वापरतात. जर्मन डॉक्टर माक्स नित्झे यांनी 1877 मध्ये ड्रेस्डेन येथे आपली दुर्बीण दाखवली. तिच्या टोकाशी दिवा होता आणि नळी ताठ धातूची होती. आज वाकणारी दुर्बीण मिळते. तिची जाडी साधारण 5 ते 5.5 मिलिमीटर असते आणि भुलीची निवड बरीचशी ती वापरली जाते की नाही यावरच ठरते.

वाकणाऱ्या दुर्बिणीने नुसते आत पाहायचे असेल, तर बहुतेक रुग्णांना लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधाची जेली पुरते. 2 टक्क्यांची ही जेली मूत्रमार्गात हळूहळू सोडतात. पुरुषाचा मूत्रमार्ग सुमारे 18 ते 20 सेंटिमीटर लांब, तर स्त्रीचा साधारण 4 सेंटिमीटर असल्यामुळे पुरुषांना ती जास्त लागते. जेली सोडल्यावर किमान पाच-दहा मिनिटे थांबायला हवे. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात नेमकी हीच मिनिटे वाचवली जातात आणि मग जेली केवळ वंगणाचे काम करते. रुग्णाने ‘थोडं थांबून करा’ असे म्हणण्यात संकोच बाळगू नये.

पुरुषांना सर्वांत जास्त दुखते ते लघवी रोखणाऱ्या स्नायूपाशी. घाबरून अंग आवळले की हा स्नायूही आवळतो. त्या क्षणी पायाची बोटे हलवावीत, लांब श्वास सोडावा किंवा लघवी करतो आहोत असा प्रयत्न करावा. सहायकाने त्याच वेळी दुर्बिणीतून पाणी सोडणारी सलाइनची पिशवी दाबली तर पाण्याच्या दाबाने वाट उघडते आणि दुर्बीण सहज पुढे जाते. काहींना समोरच्या पडद्यावर आपलेच मूत्राशय पाहताना भीती कमी वाटते. औषध न लागणारे हे उपाय किरकोळ समजू नयेत.

फार भीती वाटणाऱ्या किंवा आधीच्या तपासणीत त्रास झालेल्या रुग्णाला शिरेतून मिडाझोलम हे गुंगीचे औषध, गरजेनुसार फेंटानिल हे वेदनाशामकही देतात. रुग्ण पेंगतो, पण हाक मारली की ओ देतो. तपासणीची आठवण पुष्कळदा पुसट राहते. या औषधांनी श्वास मंदावू शकतो. म्हणून बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा लावतात आणि फक्त रुग्णाकडे लक्ष ठेवायला एक प्रशिक्षित व्यक्ती हवी. घोरणे, झोपेत श्वास अडणे, दमा, झोपेच्या गोळ्या, दारू यांपैकी काहीही डॉक्टरांपासून लपवू नये. काही देशांत नायट्रस ऑक्साइड आणि ऑक्सिजनचे निम्मे-निम्मे मिश्रणही हुंगायला देतात. मास्क रुग्ण स्वतःच धरतो आणि अंमल काही मिनिटांत उतरतो.

पुरुषांमध्ये ताठ दुर्बीण वापरायची असेल, गाठ काढायची किंवा खडा फोडायचा असेल, तर सहसा मणक्यात इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करतात. रुग्ण जागा असतो, पण पाय काही तास जड राहतात. क्वचित नंतर डोके दुखते किंवा लघवी अडते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्यास ते आधीच सांगणे अत्यावश्यक आहे. लहान मुलांना मात्र सहसा संपूर्ण भूलच देतात. पाठीच्या कण्याला वरच्या भागात इजा झालेल्यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांना दुखत नसले तरी मूत्राशय ताणले गेल्यावर रक्तदाब धोकादायक पातळीला चढू शकतो, म्हणून ‘याला जाणीवच नाही, भूल कशाला’ हा विचार घातक ठरतो.

नुसत्या जेलीसाठी उपाशी राहावे लागत नाही. इतर प्रकारांत साधारणपणे सहा तास अन्न आणि दोन तास पाणीही बंद ठेवतात. गुंगी किंवा संपूर्ण भूल घेतलेल्याने सोबत कोणी असल्याशिवाय घरी जाऊ नये आणि 24 तास गाडी चालवू नये. एक-दोन दिवस लघवीला जळजळ होणे, लघवी किंचित लालसर दिसणे स्वाभाविक आहे. थंडी वाजून ताप आला, लघवी तुंबली किंवा रक्ताच्या गाठी पडू लागल्या, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.