खर्जाची तार आणि १६ फुटांचा हॉल

खोक्यावर ‘५००० वॅट पीएमपीओ’ (जाहिरातीतला क्षणिक कमाल आकडा) वाचून स्पीकर घेण्याआधी अ‍ॅडॉप्टर उलटा करून बघा. त्यावर १२ व्होल्ट, २ अँपिअर असेल तर आत येणारी वीजच जेमतेम २४ वॅट आहे. बाहेर सलग ५००० कुठून येणार? बघायचे ते आरएमएस वॅट, म्हणजे सलग मिळणारी ताकद, आणि सेन्सिटिव्हिटी, म्हणजे १ वॅट दिल्यावर १ मीटरवर किती डेसिबल आवाज मिळतो. ८७ डेसिबल सेन्सिटिव्हिटीच्या स्पीकरजोडीला घरात ऐकताना सरासरी १ वॅटही लागत नाही. तबल्याची जोरकस थाप धरूनही ३०-४० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर पुरे.

खरा घोळ खोली करते. काळी एक या पट्टीत लावलेल्या तंबोऱ्याची खर्जाची तार साधारण ६९ हर्ट्झला वाजते. या ध्वनीची तरंगलांबी ५ मीटर, म्हणजे सुमारे १६ फूट. तुमचा हॉल १६ फूट लांब असेल तर दोन भिंतींमध्ये ही अख्खी लहर चपखल बसते. भिंतींवरून परतणाऱ्या लहरी एकमेकींत मिसळून स्थिर तरंग तयार होतो: दोन्ही भिंतींशी आणि बरोबर मध्यावर दाब सर्वाधिक, भिंतींपासून ४ फुटांवर जवळजवळ शून्य. सोफा भिंतीला टेकवलात की खर्ज घुमतो. ४ फूट पुढे ओढलात की तीच तार तुटल्यासारखी नाहीशी होते. स्पीकर तोच! मागच्या भिंतीपासून ६ फुटांच्या आसपास बसलं तर तोल बराच साधतो.

तुमच्या खोलीचं गणित असं: ३४५ ला मीटरमधल्या लांबीच्या दुपटीने भागा. येईल ती खोली जिथे घुमते ती पहिली कंप्रता, हर्ट्झमध्ये. तिच्या दुप्पट, तिप्पट पुढच्या. १० फूट रुंदीला ५७ हर्ट्झ येते, आणि छतही १० फुटांवर असेल तर तीच कंप्रता दोनदा घुमते. लांबी, रुंदी, उंची सारखी असलेल्या खोल्या म्हणूनच त्रास देतात. पडताळायला टोन जनरेटर अ‍ॅपवरून ६९ हर्ट्झचा शुद्ध स्वर स्पीकरवर लावून हॉलभर चाला. त्यासाठी तंबोरा नको. त्याचे उपस्वर इतके ठसठशीत असतात की मूळ स्वराची घट लपते.

भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवून यातलं काहीही सुटत नाही. ५ मीटरच्या लहरीला दोन इंचांचा पुठ्ठा दिसतही नाही. महागड्या केबलचंही तेच: १.५ चौरस मिलिमीटरच्या साध्या तांब्याच्या वायरचा ३ मीटर अंतरासाठी जाऊन-येऊन रोध ०.०७ ओहम, स्पीकरच्या ८ ओहमपुढे नगण्य.

अशा हॉलमध्ये गाणं ऐकायला ५ ते साडेसहा इंची वूफरचे (खालचे स्वर वाजवणारा भाग), ५५-६० हर्ट्झपर्यंत उतरणारे बुकशेल्फ स्पीकर घ्या. टीव्ही युनिटच्या कप्प्यात ठेवणार असाल तर पोर्ट (पेटीला हवेसाठी ठेवलेलं भोक) पुढे असलेले किंवा बंद पेटीचे. मागे पोर्ट असेल तर भिंतीपासून किमान एक फूट सोडा, आणि तरीही घुमलं तर पोर्टमध्ये फोमचा बोळा घालून ऐका.