रेझिस्टंट जंतू वेगळे आणि पर्सिस्टर वेगळे

अँटिबायोटिकचा कोर्स झाला आणि इन्फेक्शन परत उलटलं की लगेच सगळे म्हणतात, जंतू रेझिस्टंट झाले. दरवेळी तसं नसतं हो, कधीकधी ते पर्सिस्टर, म्हणजे औषध चालू असताना झोपून राहिलेले जंतू असतात, आणि हा घोळ सुटायला हवा असं मला मनापासून वाटतं कारण दोन्हीत उपाय वेगळा लागतो.

रेझिस्टंट म्हणजे औषध आजूबाजूला असतानाही जो वाढतच राहतो तो. पेनिसिलिनचं घ्या, जंतूची भिंत बांधणाऱ्या एन्झाइमला ते चिकटून बसतं, भिंत कच्ची राहते आणि जंतू फुटतो. मग रेझिस्टंट जंतू एकतर बीटा-लॅक्टमेज बनवून औषधच तोडून टाकतो (हे एन्झाइम 1940 मध्येच सापडलं होतं, पेनिसिलिन सर्रास वापरात यायच्या आधी!), नाहीतर एमआरएसएसारखा (मेथिसिलिन या औषधाला न जुमानणारा स्टॅफिलोकोकस जंतू) भिंतीसाठी दुसरंच एन्झाइम वापरतो ज्याला औषध नीट चिकटत नाही. टेट्रासायक्लिन हे दुसरं अँटिबायोटिक तर काही जंतू पंपाने चक्क बाहेर फेकतात. हे सगळं जीनमध्ये असतं, म्हणून पिढ्यान् पिढ्या उतरतं आणि प्लाझमिडवर (जंतूतला डीएनएचा सुटा तुकडा) असलं तर शेजारच्या जंतूलाही मिळतं.

पर्सिस्टरकडे यातलं काहीच नसतं. 1944 मध्ये जोसेफ बिगर या संशोधकाने स्टॅफिलोकोकसवर पेनिसिलिन टाकलं, बहुतेक मेले, मोजके उरले, ते उरलेले वाढवून परत पेनिसिलिन दिलं तर ते पण पहिल्यांसारखेच मेले आणि परत मोजकेच वाचले! म्हणजे वाचायची ताकद पुढे उतरलीच नाही. ते जंतू फक्त झोपलेले होते, जो भिंत बांधतच नाहीये त्याचं बांधकाम औषध बिघडवणार कसं? पण झोपेत तो वाढतही नाही, औषध गेलं की उठतो आणि मग वाढतो.

म्हणून लॅबमध्ये कल्चर लावलं तर पर्सिस्टरवाला रिपोर्टही 'सेन्सिटिव्ह' (म्हणजे औषध लागू पडतं असा) येऊ शकतो, कारण ती टेस्ट वाढ थांबली का एवढंच बघते. रेझिस्टंट असेल तर औषध बदलावं लागतं, पर्सिस्टरला मात्र वेळ द्यावा लागतो. टीबीचा नेहमीचा कोर्स 6 महिने चालतो त्यामागे हे झोपाळू जंतू हे एक मोठं कारण आहे.

दोघांचा संबंधच नाही असंही नाही. 2017 मधल्या एका प्रयोगात ई. कोलाय या जंतूला अँपिसिलिन (पेनिसिलिनच्याच कुटुंबातलं औषध) थांबून थांबून दिलं, तर आधी उशिरा जागे होणारे जंतू तयार झाले आणि खरे रेझिस्टंट त्यांच्यातूनच नंतर निघाले.