वाल्द्रेस ते मिनेसोटा : व्हेब्लेन कुटुंबाच्या स्थलांतराची पार्श्वभूमी

‘दिखाऊ उपभोग’, म्हणजे प्रतिष्ठा मिरवण्यासाठी केलेला खर्च, ही कल्पना अर्थशास्त्रात रुजवणारे थॉर्स्टीन व्हेब्लेन यांचे बालपण अमेरिकेतील एका नॉर्वेजियन शेतकरी कुटुंबात गेले. हे कुटुंब मिनेसोटापर्यंत कसे पोहोचले, हे समजून घ्यायचे तर आधी नॉर्वेतील जमिनीचा प्रश्न पाहावा लागतो.

नॉर्वेची लोकसंख्या 1801 मध्ये नऊ लाखांहून थोडी कमी होती. शतक संपेपर्यंत ती बावीस लाखांवर गेली. लागवडीखालील जमीन मात्र देशाच्या क्षेत्रफळाच्या तीन-चार टक्क्यांच्या पुढे कधी फारशी गेली नाही. ‘ओडेल’ या वारसाहक्काच्या प्रथेनुसार वडिलोपार्जित शेत बहुधा थोरल्या मुलाकडे जाई, आणि धाकट्यांपैकी अनेकांना दुसऱ्याच्या शेतावर ‘हुस्मान’, म्हणजे मालकाच्या कामाच्या बदल्यात झोपडी आणि जमिनीचा तुकडा मिळवणारे कूळ, होऊन राहावे लागे. स्टावांगर बंदरातून 4 जुलै 1825 रोजी अवघ्या 52 माणसांना घेऊन एक लहान गलबत न्यूयॉर्ककडे निघाले, तेव्हापासून संघटित स्थलांतराची सुरुवात मानली जाते. त्या गलबतातील अनेकांना धर्मस्वातंत्र्य हवे होते. त्यांच्यामागून पुढच्या शंभर वर्षांत गेलेल्या आठ लाखांहून अधिक लोकांपैकी बहुतेकांना हवी होती ती जमीन.

व्हेब्लेन कुटुंबात तर जमीन गमावल्याची सल होती. आई आणि वडील अशा दोन्ही बाजूंच्या आजोबांच्या हातून शेती गेल्याचे चरित्रकार सांगतात. थॉमस आणि कारी हे दांपत्य 1847 मध्ये वाल्द्रेस खोरे सोडून विस्कॉन्सिनला आले, तेव्हा त्यांच्याकडे पैसा बेताचा होता आणि इंग्रजी तर अजिबात येत नव्हती. थॉमस यांचे पूर्ण नाव थॉमस अँडरसन व्हेब्लेन. त्यातील ‘अँडरसन’चा अर्थ अँडर्सचा मुलगा, आणि ‘व्हेब्लेन’ हे मूळचे वाल्द्रेसमधील एका शेताचे नाव. जुनी रीत पाळली असती तर मुले ‘थॉमसन’ म्हणून ओळखली गेली असती. अमेरिकेत मात्र शेताचे नाव कायमचे आडनाव होऊन बसले; शेत मागे राहिले, नाव सोबत आले.

विस्कॉन्सिनमध्ये जागा बदलत बदलत हे कुटुंब केटो येथे स्थिरावले आणि तेथेच 1857 मध्ये थॉर्स्टीन जन्मले. तेथून 1865 मध्ये सर्वजण मिनेसोटातील नर्स्ट्रँड गावाजवळ गेले. या प्रदेशाची मोकळी जमीन ही मुळात मोकळी नव्हती, हे स्थलांतराच्या कौतुकात बऱ्याचदा निसटते. दक्षिण मिनेसोटा तेथील मूळनिवासी डकोटा लोकांकडून 1851 च्या करारांनी घेण्यात आला होता. कराराचे पैसे आणि धान्य वेळेवर न मिळाल्याने पेटलेल्या 1862 च्या युद्धानंतर मँकॅटो येथे 38 डकोटा पुरुषांना एकाच दिवशी फाशी देण्यात आली, आणि पुढच्या वर्षी त्या समाजाची राज्यातून हकालपट्टी झाली. व्हेब्लेन कुटुंब आले ते त्यानंतर दोनच वर्षांनी.

थॉमस कसबी सुतार होते. नर्स्ट्रँडजवळचे दुमजली लाकडी घर त्यांनी स्वतः उभारले आणि ते आजही शाबूत आहे. अभावात वाढलेला उपरा मुलगा अशी थॉर्स्टीन यांची जी प्रतिमा जुन्या चरित्रलेखनाने रूढ केली, ती हे घर पाहिल्यावर टिकणे कठीण आहे. घरात नॉर्वेजियन बोलली जात असली, तरी आईवडिलांनी मुलांना शेतातच अडकवून ठेवले नाही. जवळच्या नॉर्थफील्ड गावातील कार्लटन कॉलेजमध्ये थॉर्स्टीन यांच्याप्रमाणेच त्यांचे थोरले भाऊ अँड्र्यू आणि बहीण एमिली हीसुद्धा शिकली.

अँड्र्यू पुढे आयोवा विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. अमेरिकेत विखुरलेल्या वाल्द्रेसकरांनी 1899 मध्ये मिनियापोलिस येथे मेळावा भरवला आणि त्यातून एकाच खोऱ्यातील लोकांची पहिली संघटना आकाराला आली. तिचे अध्यक्षपद विस्कॉन्सिनमध्येच जन्मलेल्या याच अँड्र्यू यांनी सांभाळले.