तीननेच का भागायचे?

शाळेत महत्त्वमापन शिकवताना एक प्रयोग हमखास केला जातो. पुठ्ठ्याचा एक शंकू आणि तेवढ्याच तळाची व उंचीची एक वृत्तचिती घ्यायची, शंकू वाळूने काठोकाठ भरून वृत्तचितीत ओतायचा. तिसऱ्या खेपेला वृत्तचिती भरते आणि फळ्यावर सूत्र लिहिले जाते : तळाचे क्षेत्रफळ गुणिले उंची, भागिले तीन. माझ्या भाचीने हा प्रयोग करून दाखवला तेव्हा मी तिला विचारले, की बरोबर तीनच कशावरून? वर्तुळाचा संबंध आहे, तर ३.१४ नसेल कशावरून? पुठ्ठ्याच्या शंकूत आणि वाळूत तेवढी चूक सहज खपून जाते. ती म्हणाली, "मामा, पुस्तकात तीनच दिलंय!"

पुस्तक बाजूला ठेवून आम्ही एक मोठा बटाटा घेतला आणि त्याच्या बाजू तासून शक्य तितका नेटका घन तयार केला. घनाचा एक कोपरा निवडावा आणि त्याच्या अगदी समोरचा, म्हणजे घनाच्या पोटातून आरपार जाणारी काडी जिथे बाहेर पडेल तो कोपरा हेरावा. या दोन्ही कोपऱ्यांतून जाणारे, घनाच्या दोन समोरासमोरच्या कडांना धरून असलेले तीन सरळ काप देता येतात. दुसऱ्या कापापासून तुकडे निसटू लागतात, म्हणून ते बोटांनी आवळून धरावे लागतात. तीन काप पूर्ण झाले की सारख्याच आकारमानाचे सहा तुकडे पडतात, आणि शेजारचे दोन दोन तुकडे योग्य रीतीने जोडले की तीन पिरॅमिड मिळतात. प्रत्येकाचा तळ म्हणजे घनाची एक पूर्ण बाजू, प्रत्येकाची उंची घनाच्या उंचीएवढी आणि तिघांचीही टोके त्या एकाच कोपऱ्यात. तिन्ही पिरॅमिड एकरूप असल्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला घनाचा नेमका तिसरा हिस्सा येतो, ३.१४ ला इथे जागाच उरत नाही.

मात्र हे पिरॅमिड तिरके आहेत, त्यांचे टोक तळाच्या मध्यावर नसून एका कोपऱ्यावर आहे. इथे वह्यांची चळत आठवावी. चळत हाताने तिरकी ढकलली तरी वह्या तेवढ्याच राहतात. पिरॅमिडचे अतिशय पातळ थर कल्पून ते असेच सरकवले, तर टोक मध्यावर आणता येते आणि घनफळ बदलत नाही. प्रत्येक उंचीवरच्या छेदांचे क्षेत्रफळ समान असेल तर दोन आकारांचे घनफळही समान असते, हे तत्त्व इटलीच्या बोनाव्हेंतुरा काव्हालिएरी यांच्या १६३५ च्या ग्रंथामुळे त्यांच्या नावाने ओळखले जाते. चौकोनी तळाऐवजी तेवढ्याच क्षेत्रफळाचा गोल तळ घेतला तरी टोकाकडे जाताना दोन्हींचे थर एकाच प्रमाणात लहान होतात, म्हणून शंकूलाही तोच तिसरा हिस्सा लागू पडतो. त्रिकोण आयताच्या निम्मा असतो, कारण प्रतलाला दोन मिती आहेत. अवकाशाला तीन आहेत, म्हणून तिथे तिसरा हिस्सा. चार मितींत हाच भागाकार चारने होतो.

त्रिकोणावरून निम्म्याचाच नियम पुढे ओढण्याचा मोह मोठमोठ्यांना झालेला आहे. आर्यभटाच्या 'आर्यभटीय' ग्रंथातील गणितपाद या भागातल्या श्लोकाच्या रूढ अर्थानुसार पिरॅमिडचे घनफळ तळ आणि उंची यांच्या गुणाकाराच्या निम्मे ठरते. इजिप्तच्या खुफूच्या पिरॅमिडचा तळ सुमारे २३० मीटर बाजूचा आणि मूळ उंची सुमारे १४७ मीटर. म्हणजे घनफळ २६ लाख घनमीटरच्या आसपास येते, पण निम्म्याच्या नियमाने ते ३९ लाख झाले असते. ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये 'सूची'साठी, म्हणजे पिरॅमिड-शंकूसारख्या टोकाकडे निमुळत्या होणाऱ्या आकारांसाठी, तीनने भागण्याचा बरोबर नियम दिला. 'आपल्या पूर्वजांना सारेच ठाऊक होते' असे संदेश पुढे ढकलणाऱ्यांनी ही चूक आणि तिची दुरुस्ती दोन्ही वाचावीत. मला तरी त्यांत अभिमानाला अधिक जागा दिसते. तांब्याचे 'ऊर्जा देणारे' वास्तू-पिरॅमिड विकणाऱ्यांबद्दल एवढेच म्हणता येईल, की ज्या चौकोनी खोक्यात ते जेमतेम बसतात त्याचा दोन तृतीयांश भाग रिकामा असतो.

पण थर कल्पायची गरजच काय, सुरीने कापून काम भागणार नाही का? जर्मन गणिती डाव्हिट हिल्बर्ट यांच्या न सुटलेल्या गणिती प्रश्नांच्या १९०० च्या प्रसिद्ध यादीतला तिसरा प्रश्न याच धर्तीचा होता, आणि त्यांचे शिष्य माक्स डेन यांनी तो लगेच सोडवला. समान तळाचे व समान उंचीचे असे दोन चतुष्फलक (म्हणजे त्रिकोणी तळाचे पिरॅमिड) असू शकतात, की एकाचे कितीही सपाट काप करून ते तुकडे जुळवले तरी त्यांपासून दुसरा बनतच नाही; डेन यांनी कडांच्या लांबीची त्या कडांवरच्या कोनांशी सांगड घालून एक राशी रचली, जी काप देताना आणि तुकडे जोडताना कायम राहते, आणि या दोन चतुष्फलकांसाठी ती वेगवेगळी येते. बटाटा नशिबाने सोपा निघाला. सर्वसाधारण पिरॅमिडसाठी अनंत पातळ थरांना, म्हणजे कलनालाच (कॅल्क्युलसलाच), शरण जावे लागते.

तिसऱ्या हिश्श्याचा मला सर्वांत आवडणारा उपयोग भास्कराचार्यांचा आहे. लीलावतीत त्यांनी गोलाच्या पृष्ठफळाला चेंडूवरच्या जाळीची उपमा दिली आहे, आणि पृष्ठफळाला व्यासाने गुणून सहाने भागले की गोलाचे घनफळ मिळते असे सांगितले आहे. त्या जाळीचे बारीक बारीक चौकोन तळ मानावेत आणि प्रत्येक चौकोनावर, गोलाच्या मध्यात टोक असलेली एक सूची कल्पावी. प्रत्येक सूचीची उंची त्रिज्येएवढी, म्हणून प्रत्येकीला तीनने भागायचे. त्रिज्या म्हणजे अर्धा व्यास, आणि त्या दोनाने तीनला गुणले की भास्कराचार्यांचा सहा येतो.