न दुखणारा तीळ
जळगावचा पारा 45 च्या वर गेला की अख्खं खान्देश उन्हाच्या नावानं बोटं मोडतं. पण त्वचेच्या कॅन्सरला कारण तो पारा नव्हे. कारण अतिनील किरण. ते दिसत नाहीत, ऊब म्हणूनही जाणवत नाहीत. जळगाव साधारण 21 अंश उत्तर अक्षांशावर, त्यामुळे मेच्या शेवटच्या आठवड्यात भरदुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. तेव्हा शेतात राबणाऱ्याच्या नाकाकानांवर हे किरण पुरेपूर पडतात. गांधी टोपी टाळू झाकते, नाक-कान उघडेच. पेशीतल्या डीएनएमधले शेजारशेजारचे थायमिन घटक या किरणांनी एकमेकांना चिकटतात. पेशी बहुतेक बिघाड दुरुस्त करते. काही राहून जातात आणि वर्षानुवर्षं साचतात.

आपल्या सावळ्या कातडीतलं मेलॅनिन हे रंगद्रव्य पेशीच्या केंद्रकावर छत्री धरतं, म्हणून हा कॅन्सर भारतीयांत गोऱ्यांपेक्षा खूपच कमी. गोची वेगळीच आहे. चेहऱ्यावर सर्वाधिक आढळणारा त्वचेच्या कॅन्सरचा प्रकार म्हणजे बेसल सेल कार्सिनोमा; तो गोऱ्या माणसात गुलाबी, मोत्यासारखा दिसतो. आपल्याकडे तो बरेचदा काळा असतो. मग घरचे म्हणतात, "तीळच आहे, राहू द्या." नाकाच्या कडेला, खालच्या पापणीवर, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात तो बसतो. कडा चकचकीत, जराशी उचललेली; पुढे मध्ये खड्डा पडतो. तोंड पुसताना रक्त येतं, खपली धरते, पडते, पुन्हा तेच. दुखत नाही, म्हणून कोणी दाखवत नाही. तो इतरत्र क्वचितच पसरतो, पण नाक-पापणी मात्र हळूहळू खात जातो.

वयानुसार गालांवर उगवणारे बारीक काळे ठिपके आणि मानेवरचे मस यांना घाबरायचं कारण नाही. वांग तर कॅन्सर नव्हेच. चामखीळ समजून चुना-सोड्यानं जाळण्याचा उद्योग मात्र मला भयंकर वाटतो: वरचं जळतं, खालचं वाढत राहतं.

महिनाभरात न भरलेली जखम त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावी. ते जागा बधिर करून काही मिलिमीटरचा तुकडा तपासायला घेतात. "हत्यार लागलं की पसरतो" ही समजूत निराधार आहे. बेसल सेल लवकर सापडला, तर आजूबाजूच्या थोड्या निरोगी कातडीसकट काढून टाकला की बहुतेकजण बरे होतात.

खालच्या ओठावरची, कानावरची किंवा जुन्या भाजल्याच्या वणावरची जखम अधिक घाईची. तिथे बहुधा स्क्वॅमस सेल हा दुसरा प्रकार असतो, आणि चेहऱ्यावरचा हा कॅन्सर मानेतल्या लसिका ग्रंथींपर्यंत पोचू शकतो आणि तिथे गाठी येतात. म्हणून अशा वेळी डॉक्टर मानही चाचपून बघतात.