लाकडी डेक (घरगुती)

घराबाहेर उघड्यावर, जमिनीपासून किंवा गच्चीच्या स्लॅबपासून थोडी वर उचलून केलेली फळ्यांची बैठक. शब्द जहाजावरून आला, पण रचना वाड्यांतल्या कडीपाटाचीच: खाली कड्या, म्हणजे आधाराच्या लाकडी तुळया, त्यांवर आडव्या फळ्या. फरक इतकाच, की कडीपाट छपराखाली असतो, म्हणून त्याच्या फळ्या एकमेकींना घट्ट भिडवता येतात. डेकला ऊन आणि पाऊस दोन्ही सोसावे लागतात, त्यामुळे त्यात फट ठेवावीच लागते. कडीपाटाच्या सवयीने बसवलेला डेक पहिल्याच पावसाळ्यात फुगून मधोमध उचलला जातो.

लाकूड : सागवान सर्वांत भरवशाचे. त्यातले नैसर्गिक तेल पाणी आणि वाळवी या दोहोंना रोखते. हा गुण मात्र फक्त गाभ्यात असतो. भोवतीचा पांढरट भाग भुंगेरे आणि बुरशी लवकर खातात. लागवडीच्या कोवळ्या सागात हा पांढरा भाग जास्त निघतो, म्हणून फळ्या घेताना दोन्ही कडा पाहून घ्याव्यात. विदर्भातील आलापल्ली-बल्लारशा भागातल्या सागाला मान आहे, पण भावही तसाच. ऐन आणि किंजळ कड्यांना चालतात. पृष्ठभागासाठी ऐन घेतल्यास तो उन्हात चिरतो. आयात लाकडांपैकी मर्बाउ टिकाऊ, मात्र पहिले काही पाऊस त्यातून तपकिरी रंग गळतो आणि खालची फरशी डागाळते. ब्राझीलच्या आयपेचा व्यापार आता आंतरराष्ट्रीय निर्बंधाखाली येतो. विक्रेत्याकडे कागद मागावेत.

लाकूड नीट वाळलेले हवे, साधारण १२ ते १५ टक्के ओलावा. १४० मिमी रुंदीची सागाची फळी १० वरून १८ टक्के ओलाव्यावर गेली, तर रुंदीत सुमारे २ मिमी वाढते. फट याच हिशेबाने ठरते. एप्रिल-मेमध्ये कोरडी फळी बसवताना ५ ते ६ मिमी, पावसाळ्यानंतर दमट फळीला ३ ते ४ मिमी. योग्य जाडीचा खिळा मध्ये धरून फट सारखी राखणे ही जुनी युक्ती अजूनही सर्वांत सोपी.

हिशेब : ३ × ४ मीटरचा डेक, ९० मिमी रुंद व २५ मिमी जाड फळ्या, फट ५ मिमी. फळ्या ४ मीटरच्या बाजूने धावतात, तेव्हा ३२ ओळी, म्हणजे १२८ मीटर. दहा टक्के तूट धरून १४१ मीटर, अर्थात रंधून झालेले सुमारे ११ घनफूट. अखंड लाकडाचा भाव करताना रंध्याची तूट वेगळी धरावी. कड्या ४०० मिमी अंतराने, एकूण ११. फळी कडीला जिथे जिथे ओलांडते तिथे दोन स्क्रू, म्हणजे ७०४. सांधे आणि मोडतोड धरून ८०० घ्यावेत. फळीचा सांधा कडीवरच यावा, आणि तिथे एकाऐवजी दोन कड्या जोडून लावाव्यात, नाहीतर टोकाला स्क्रूला पुरेसे लाकूडच मिळत नाही.

बांधणी : डेक बहुधा वरून नव्हे, खालून सडतो. कड्यांखालून हवा खेळली पाहिजे आणि पाणी थांबता कामा नये. जमिनीवर काँक्रीटचे ठोकळे घेऊन त्यावर गॅल्व्हनाइज्ड बुटात (खांबाचा पाय धरणाऱ्या जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी खोबणीत) खांब बसवावा. खांब मातीत पुरू नये. वाळवीप्रवण जागी बांधण्यापूर्वी मातीला औषध द्यावे. गच्चीवर वॉटरप्रूफिंगला छिद्र पाडू नये. कड्या रबरी किंवा प्लास्टिकच्या पायांवर ठेवाव्यात, आणि गच्चीचा उतार पाण्याच्या तोटीकडेच राहील असे पाहावे. तोटीवरची फळी सुटी, काढता येईल अशी असावी. हे विसरले की पाचोळा काढायला अख्खा डेक उचकटावा लागतो.

कडीच्या वरच्या पृष्ठभागावर बिट्युमेनची पट्टी चिकटवली तर स्क्रूच्या छिद्रातून उतरणारे पाणी लाकडात शिरत नाही. स्क्रू ३०४ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे, किनारपट्टीवर ३१६ चे. साध्या लोखंडाचा लाकडातील टॅनिन या तुरट द्रव्याशी संयोग होऊन काळे डाग पडतात. लांबी ६० मिमीच्या आसपास, कडेपासून १५ ते २० मिमी आत. आधी छिद्र पाडल्याशिवाय कठीण लाकडात स्क्रू घालू नये. फळी चिरते किंवा स्क्रूचे डोके तुटते. कापलेली टोके सर्वांत वेगाने पाणी पितात, म्हणून ती बसवण्यापूर्वीच मेणाने किंवा तेलाने बंद करावीत. जमिनीपासून अर्धा मीटरहून उंच डेकला कठडा लागतो, सुमारे एक मीटर उंचीचा.

निगा : वार्निशचा थर पावसाळ्यात पापुद्रे धरतो आणि मग तो खरवडण्याचे काम वाढते. त्यापेक्षा लाकडात मुरणारे तेल बरे. पावसाळा संपून लाकूड पूर्ण वाळले की ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मऊ ब्रशने शेवाळ धुवावे, दोन कोरडे दिवस जाऊ द्यावे आणि पातळ हात मारावा. दुसरा हात मे महिन्याच्या आत. जास्तीचे तेल पुसले नाही तर ते चिकट राहते. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून ठेवू नयेत, त्या आपोआप पेट घेतात, पसरून वाळवाव्यात. प्रेशर वॉशर जवळून मारल्यास सागाची मऊ रेषा उडून पृष्ठ खडबडीत होते.

तेल न लावल्यास साग राखाडी होतो. ती कुज नव्हे, उन्हाने वरचा थर बदललेला असतो. रंग आवडत असेल तर तसाच ठेवायला हरकत नाही. लोखंडाचे काळे डाग मात्र ऑक्झॅलिक आम्लाच्या पातळ द्रावणाने निघतात, हातमोजे घालून. कुंड्यांच्या खाली नेहमी ओल राहते, तिथेच प्रथम फळी मऊ पडते. त्यांना पाय लावावेत किंवा त्या महिन्यातून एकदा हलवाव्यात. संशय आला तर पटाशीचे टोक दाबून पाहावे. सहज आत गेले तर फक्त ती फळी नव्हे, तिच्याखालची कडीही तपासावी.